पारावरचं झाड, खांबावरचं झाड

पिंपरी-चिंचवडमध्ये सध्या सगळ्यांत जोमानं वाढणारं झाड रंगाचं आहे. उड्डाणपुलांच्या खांबांवर, शाळांच्या कुंपणभिंतींवर, भुयारी मार्गांत, सार्वजनिक शौचालयांच्या पाठभिंतींवर, जिथं म्हणून मोकळी भिंत सापडेल तिथं ते उगवतं. त्याला पाणी लागत नाही. त्याच्या फांद्या विजेच्या तारांना लागत नाहीत, त्याचा पाला गटारात जात नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ‘धोकादायक झाड’ म्हणून त्याच्याविरुद्ध कुणी अर्ज करत नाही. केंद्र सरकारचं स्वच्छ सर्वेक्षण २०१६ साली सुरू झालं, शहरांना गुण मिळायला लागले, आणि देशभरातल्या महापालिकांनी भिंती रंगवण्याचा सपाटा लावला. आपलं शहर त्यात मागे कसं राहणार? या भिंतींवर गाडगेबाबा असतात, मेट्रो असते, ओला-सुका कचऱ्याचे हिरवे-निळे डबे असतात, आणि मध्ये कुठेतरी हमखास एक झाड.

ते झाड जरा थांबून बघा. तपकिरी खोड, त्यावर हिरवा ढग, फार तर दोन पक्षी. जात कोणती ते वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापकही सांगू शकणार नाही. काटेसावरीचे काटे नाहीत, पळसाची वाकडी फांदी नाही, उंबराच्या खोडाला लगडलेली फळं नाहीत. होळीच्या सुमाराला ज्या मुलखातलं माळरान पळस-पांगाऱ्यानं लाल होतं, तिथल्या भिंतीवर एकही लाल झाड नसावं, याची मला गंमत वाटते. वारली पद्धतीच्या भिंती त्यातल्या त्यात बऱ्या. पण वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत पानागणिक दिसणारी नजर साच्यावरून मारलेल्या पांढऱ्या रंगात कुठून येणार? मूळ वारली चित्र लग्नघराच्या भिंतीवर, चौक लिहिताना यायचं. त्याला कारण होतं, मुहूर्त होता, ते लिहिणाऱ्या बायकांचा मान होता. उड्डाणपुलाच्या खांबाच्या वाट्याला निविदा आली.

चित्राशेजारी तुकोबांचा अभंग असतो. झाडांना सोयरे म्हणणारा, सगळ्यांना पाठ असलेला, आणि भिंतीवर बहुतेक वेळा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह उतरलेला. तुकोबा या पट्ट्यातलेच. देहू महापालिकेच्या हद्दीला लागून आहे, आणि ज्या भामचंद्र डोंगरावर त्यांनी साधना केल्याचं परंपरा सांगते, त्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत चाकणचे कारखाने पोचले आहेत. याच परिसरात शिंदे-वासुलीला डाऊ या रसायन कंपनीचं संशोधन केंद्र होऊ घातलं होतं, तेव्हा, २००८ साली, वारकरी रस्त्यावर उतरले आणि अखेर प्रकल्प तिथून गेला. अभंग भिंतीवर लिहिणं आणि डोंगरासाठी अंगावर गुन्हे घेणं, दोन्ही गोष्टी एकाच संताच्या नावानं होतात. त्यातली कोणती अवघड, ते सांगायला नको.

भिंतीवरचं चित्र वाईट असतं ही माझी तक्रार नाही. काही भिंती खरंच सुरेख आहेत. तक्रार ही की त्या चित्रामुळे कुणाच्याही मागे काही काम लागत नाही. झाडाचं कौतुक करणारी सार्वजनिक कला या मुलखात पूर्वीही होती, आणि ती भलतीच कामाला लावणारी होती.

सगळ्यांत आधी आठवतात ते गेरू-चुन्याचे पट्टे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पुणे-नाशिक रस्त्यावर दुतर्फा वड-चिंचा असायच्या आणि प्रत्येक खोडाला कमरेइतक्या उंचीवर पांढरा आणि तांबडा पट्टा. सार्वजनिक बांधकाम खात्याचे मजूर डबे घेऊन झाडाझाडाला ते फासत जायचे. रात्री गाडीच्या उजेडात चुना चमके आणि वळण कळे. वाळवीलाही थोडा अटकाव होई. कलेचा हेतू कुणाचाच नव्हता, पण मैलोन् मैल एकाच लयीत चाललेली ती रंगीत ओळ ज्यानं एसटीच्या खिडकीतून पाहिली आहे त्याला ती विसरता येत नाही. झाड मोजलं गेलं आहे, ते खात्याचं आहे, त्याला हात लावाल तर विचारणारा कुणीतरी आहे, एवढं त्या पट्ट्यातून आपोआप सांगितलं जायचं. पुढे रस्ते रुंद झाले, वड गेले. पट्टे आता दुभाजकाच्या सिमेंटवर असतात, पिवळे आणि काळे.

दुसरी कला फिरती. निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत उभ्या असलेल्या ट्रकांच्या मागच्या फळक्यांवर नजर टाका. मोर, कमळ, गरुड, लिंबू-मिरची, आणि ‘झाडे लावा, झाडे जगवा’. हे वाक्य सरकारी आहे, पण ट्रकच्या पेंटरनं त्याला नारळाचं एक झाड आणि मावळता सूर्य बहाल केला. चाकणहून निघालेला सुट्या भागांचा ट्रक हा उपदेश घेऊन देशभर जातो. डिझेलचा काळा धूर नेमका त्याच अक्षरांखालून निघतो, यावर विनोद करायचा मोह होतो, पण तो ट्रकवाल्यांनीच कधीच करून झाला असणार.

आणि तिसरी गोष्ट पार. माझ्या मते या मुलखातलं झाडाचं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत पुरं असं सार्वजनिक शिल्प हेच. भोसरी, चिखली, मोशी, चऱ्होली, चाकण, कोणत्याही गावठाणात शिरा. टॉवर आणि गोदामांच्या मधोमध एखादा पिंपळ किंवा वड सापडतो आणि त्याच्या भोवती दगडी ओटा. काळ्या कातळाचे चिरे, आत मुरूम-माती, खोडाभोवती मोकळी जागा, एका अंगाला शेंदूर फासलेला दगड. ओट्याची उंची माणसाला टेकायला सोयीची, डोक्यावरचं ओझं उतरवायला सोयीची. पारावर न्यायनिवाडा झाला, हजामत झाली, भजन झालं, पत्त्यांचे डाव झाले. गेलेल्या माणसाच्या नावानं पार बांधणं हे पुण्याचं काम मानलं जाई, म्हणजे त्याच्या डागडुजीची जबाबदारी एखाद्या घरावर येऊन पडे. झाड आणि दगड यांची अशी जोडी लावली की झाड तोडायला आलेल्या माणसाला आधी गावाला तोंड द्यावं लागतं.

आता पाराला टाइल्स लागल्या आहेत. नगरसेवक निधीतून ‘पाराचं सुशोभीकरण’ होतं, म्हणजे चकचकीत ग्रॅनाइट, स्टीलचं रेलिंग, निधी देणाऱ्याच्या नावाची पाटी, आणि खोडाच्या गळ्यापर्यंत सिमेंट. पाणी मुरायला जागाच राहत नाही. राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीपुरता २०१३ साली आदेश दिला होता की झाडाच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाका. तो मीटरभर आपल्या जुन्या गवंड्यांना न सांगता कळत होता. दिवाळीत त्याच झाडाला मुळापासून शेंड्यापर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या जातात, आणि रात्रभर तिथं पाखरू टेकत नाही.

झाडाशी कसं वागायचं याचे या परिसरात दोन मोठे धडे आहेत, आणि दोन्ही देवळांत आहेत. देहूला वैकुंठगमन मंदिरापाशी नांदुरकीचं झाड आहे. तुकाराम बीजेला, फाल्गुन वद्य द्वितीयेला, भर दुपारी ते हलतं अशी श्रद्धा आहे, आणि त्या क्षणासाठी हजारो माणसं मान वर करून एका झाडाकडे बघत उभी राहतात. पानं हलली की नाही यावर वाद घालणारे घालोत. एवढ्या माणसांनी एकाच वेळी एका झाडाकडे टक लावून बघणं, हे जगातल्या कोणत्या कलादालनाला जमलं आहे? दुसरं झाड आळंदीचा अजानवृक्ष, ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीपाशी. त्याच्या सावलीत ज्ञानेश्वरीची पारायणं चालतात. त्याची कथा सगळ्यांना ठाऊक असते: अजानवृक्षाची मुळी माउलींच्या कंठाला लागली, त्यांनी एकनाथांना स्वप्नात तसं सांगितलं, आणि नाथ आळंदीला येऊन ती मुळी दूर करून गेले. मला या कथेत आवडतं ते हे की नाथांनी झाड काढलं नाही. तक्रार साक्षात माउलींची होती, तरी मुळी तेवढी बाजूला झाली.

वटपौर्णिमेचा दोरा हाही याच जातीचा. एका सकाळपुरतं गावातल्या प्रत्येक वडाचं खोड पांढऱ्या सुतानं मढतं. त्यामागच्या पतिव्रतापुराणाबद्दल मतभेद असू द्यात, पण दरवर्षी नेमानं घडणारी, हजारो हातांनी पुरी होणारी आणि कुणाचंही नाव न लागणारी दुसरी कलाकृती मला तरी ठाऊक नाही. नव्या वसाहतींत वडच नसतो, म्हणून बाजारात फांद्या विकायला येतात आणि कुंडीत खोवून पुजल्या जातात. वडाच्या पूजेचा सण वडाच्याच फांद्यांवर उठतो. पिंपळे गुरवमध्ये काही वर्षं पुरुषांची वटपौर्णिमा होते. नवरे मंडळी वडाला फेरे घालतात आणि हीच बायको सात जन्म मिळू दे म्हणतात. वर्तमानपत्रं ती बातमी गमतीत छापतात. वडाच्या दृष्टीनं पाहिलं तर राखणदारांची संख्या दुप्पट झाली.

झाडाला मिरवण्याची हौसही आपल्याकडे जुनी आहे. शाळांच्या वृक्षदिंडीत पालखीत रोप असतं, पुढे टाळ, मागे तुळस घेतलेल्या मुली. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी १९२८ साली वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला तेव्हा तिथंही रोप गाजतवाजत नेलं गेलं. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळच्या पालवणला अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईनं वृक्षसंमेलन भरवलं, त्याच्या अध्यक्षपदी चक्क वडाचं झाड होतं. मराठी संमेलनांच्या इतिहासात ज्याच्या निवडीवरून आणि भाषणावरून वाद झाला नाही असा हा विरळा अध्यक्ष. तमाशा म्हणा, नाटक म्हणा, पण लोकांना जमवायचं तर नाटक लागतं.

जगात हे नाटक सगळ्यांत चिकाटीनं ज्यानं केलं त्याच्याकडे आता वळतो. ते घडलं जर्मनीतल्या कासेल शहरात, आणि कासेलशी चाकणचं नातं गिअरबॉक्सचं. फोक्सवॅगनचा गिअरबॉक्स बनवणारा मोठा कारखाना कासेलला लागून बाउनाटालला आहे, आणि त्याच कंपनीचा मोटारींचा कारखाना २००९ पासून चाकणला. कासेलही कारखान्यांचं गाव: हेन्शेलची रेल्वे इंजिनं तिथली, युद्धात रणगाडेही तिथले, आणि म्हणूनच २२ ऑक्टोबर १९४३ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात ते बेचिराख झालं. युद्धानंतर पुन्हा उभं राहिलं ते घाईघाईत, रुंद रस्त्यांचं आणि काँक्रीटचं. ‘डॉक्युमेंटा’ हे कलाप्रदर्शन तिथं १९५५ पासून भरतं.

१९८२ च्या डॉक्युमेंटासाठी योझेफ बॉइस या कलावंतानं म्युझियमसमोरच्या हिरवळीवर बेसॉल्टचे सात हजार खांब आणून ओतले. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा कातळ, ज्यावर दख्खनचा मोठा भाग बसलेला आहे. अट एकच: ढिगातला एक दगड उचलायचा तर शहरात कुठंतरी एक झाड लावायचं आणि तो दगड त्या झाडाशेजारी उभा करायचा. पहिलं झाड बॉइसनं स्वतः १६ मार्चला लावलं. म्हणजे शहराच्या मधोमध एक कुरूप ढीग पडलेला, आणि तो हलवायचा मार्ग एकच, झाडं लावा. लोक चिडले. सुंदर चौकाची वाट लावली म्हणाले, गाड्या लावायच्या जागा जातात म्हणाले, काहींनी दगडांना गुलाबी रंग फासला. पैसा उभा करायला बॉइसनं सोन्याच्या एका राजमुकुटाची प्रतिकृती लोकांसमोर वितळवून तिचा ससा ओतला. हळूहळू शाळा, गल्ल्यांतले रहिवासी, वस्त्यांच्या समित्या जागा सुचवायला लागल्या आणि ढीग कमी होत गेला. नाव ‘सात हजार ओक’, पण लिंडेन, अॅश, चेस्टनट अशी इतरही झाडं त्यात आहेत. जानेवारी १९८६ मध्ये बॉइस वारला. शेवटचं झाड १९८७ च्या डॉक्युमेंटाच्या वेळी त्याच्या मुलानं, बापाच्या पहिल्या झाडाशेजारी लावलं.

यात मला भावतं ते दगडाचं काम. रोप लावलं त्या दिवशी दगडच मोठा दिसतो. झाड वाढत जातं, दगड तेवढाच राहतो, आणि काही वर्षांनी तो बुंध्याशी बसलेल्या माणसाएवढा होतो. पण झाड मेलं तर? दगड तसाच उभा, शेजारची जागा रिकामी, आणि येणारा-जाणारा विचारणार. शहराच्या नकाशावर सात हजार ठिकाणी अशी जामीनकी लिहून ठेवलेली आहे. आपल्या पारानं हेच केलं होतं, फक्त त्याला कुणी कलावंताचं नाव दिलं नाही.

ज्या १९८२ साली हे सुरू झालं त्याच वर्षी, ११ ऑक्टोबरला, पिंपरी-चिंचवड नगरपालिकेची महापालिका झाली. योगायोगाला उगाच अर्थ चिकटवत नाही. पण तोवर पिंपरीत एका माणसाचं काम झालेलं होतं. टेल्कोचे, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचे, सुमंत मुळगावकर. १९६०च्या दशकात कंपनीला पिंपरीत जागा मिळाली ती उजाड, खडकाळ. मुळगावकरांनी शेड उभ्या करायच्या आधी झाडं लावायला घेतली आणि पाणी साठवून तलाव केला. यंत्रं यायच्या आधी माळी आले, हे त्या काळच्या कारखानदारीत वेडेपणात जमा होणारं होतं. आज त्या तलावाला सुमंत सरोवर म्हणतात. थंडीत तिथं स्थलांतर करणारे पक्षी उतरतात. कंपनीनं १९९४ साली एका गाडीला त्यांच्या नाव-आडनावातली पहिली अक्षरं जोडून ‘सुमो’ नाव दिलं. गाडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली, तलाव फारसा कुणाला ठाऊक नाही, कारण तो फाटकाच्या आत आहे. १९५४ साली सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या वसाहतीतली दाट झाडीही अशीच कंपनीच्या कुंपणात वाढली. या शहराची सगळ्यांत मोठी सावली अजूनही पास दाखवून आत जाणाऱ्यांची आहे, आणि ज्या रस्त्यावर सामान्य माणूस बसची वाट बघतो तिथं झाड आहे ते खांबावर रंगवलेलं.

बाहेरच्या झाडांची अवस्था काय असते हे ‘अंघोळीची गोळी’ या तरुण मंडळींच्या गटानं २०१८ साली सुरू केलेल्या ‘खिळेमुक्त झाडं’ मोहिमेनं दाखवलं. रस्त्यावरच्या झाडाचं खोड म्हणजे फुकटचा जाहिरात फलक. मूळव्याधीचा खात्रीशीर इलाज, रूम भाड्याने मिळेल, दहावीचे क्लासेस, कामगार पाहिजेत. एकेक पाटी चार-चार खिळ्यांवर, आणि पाटी पडली तरी खिळे आतच. सुट्टीच्या दिवशी पक्कड, कटावणी, हातोडी घेऊन ही मुलं-मुली पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये झाडाझाडापाशी जाऊन ते उपटू लागली. झाडावर काही न चढवता, असलेलं काढून घेऊन त्याचा मान राखणारं हे काम मला भिंतीवरच्या शंभर चित्रांपेक्षा अधिक कलावंताचं वाटतं. मूर्तिकारही नको तेवढा दगड काढूनच टाकत असतो.

कायद्याचं बळ आपल्याकडे कमी नाही. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची, ती सात वर्षं सांभाळायची असंही ठरलं. साठ वर्षांचा वड गेला तर साठ रोपं. कुठं? ते कागदावर असतं, आणि ते बघायला कागद मागवावा लागतो. जागेवर दिसते ती लोखंडी जाळी. जाळीवर सौजन्य म्हणून कुणातरी भाऊंचं, दादांचं नाव. आतलं रोप पहिल्याच उन्हाळ्यात जातं आणि नाव पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकतं.

चाकणला तर वेगळ्या कायद्याचीही गरज नाही. एमआयडीसीत भूखंड घेणारा प्रत्येक कारखाना भाडेपट्टा करतो, आणि त्या छापील मसुद्यात झाडांचं कलम असतं: मोकळ्या जागेत दर दोनशे चौरस मीटरला एक झाड, आणि रस्त्याच्या दर्शनी बाजूला दर पंधरा मीटरला एक. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे, कुरुळी इथल्या रस्त्यांच्या कडेनं हे कलम जसंच्या तसं पाळलं गेलं असतं, तर त्या पट्ट्यात आज गावाबाहेरच्या जुन्या रस्त्यांसारखी सावलीची रांग असती.

म्हणून माझी एक सूचना. खांब रंगवायचा एका वर्षाचा खर्च बाजूला ठेवा आणि मोशीच्या खाणीतून काळा दगड आणा. दर पंधरा मीटरवरच्या झाडाशेजारी, आणि जिथं झाड नाही तिथंही, एकेक दगड उभा करा. त्यावर तीनच गोष्टी कोरा: भूखंड क्रमांक, झाडाची जात, लावल्याचं साल. सौजन्य नाही, बोधचिन्ह नाही, भाऊ-दादा नाहीत. कंपन्यांचे सामाजिक जबाबदारीचे विभाग याला सहजी तयार होणार नाहीत हे मला कळतं, कारण रिकाम्या जागेशेजारी आपला भूखंड क्रमांक वाचला जाणं कुणालाच नको असतं. पण वाचणाऱ्यांची चिंता करायला नको. चाकणच्या तळेगाव चौकापासून लागणाऱ्या ट्रकांच्या रांगेत चालकांना तासन् तास दुसरं काही कामच नसतं; ते एकेक दगड वाचतील, आणि कोणत्या कंपनीचं झाड वाळलं ते फाटकावर माल उतरवताना मोठ्यानं विचारतीलही.